फाशी कधी न्याय्य असते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी कायद्याची शिबिरं घेताना एक गोष्ट ठरलेली असते. विषय वारसा हक्काचा असो की अपघात भरपाईचा, शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर करतं आणि गाडी फाशीवर येते. एखादी भयंकर बातमी आली की आठवडाभर फोनवरही तेच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. मी फौजदारी वकील आहे आणि बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभा राहतो. हे आधीच सांगतो, म्हणजे माझं पारडं कुठे झुकतं ते तुम्हाला धरून चालता येईल.

१. भारतात फाशी अजून आहे का? शेवटची कधी झाली?

आहे. शेवटची फाशी २० मार्च २०२० रोजी पहाटे साडेपाचला तिहार तुरुंगात झाली. २०१२ च्या दिल्ली सामूहिक बलात्कार आणि खून खटल्यातले चौघे एकाच वेळी फासावर गेले. त्याआधी याकूब मेमन (नागपूर, ३० जुलै २०१५), अफजल गुरू (तिहार, ९ फेब्रुवारी २०१३), अजमल कसाब (येरवडा, २१ नोव्हेंबर २०१२) आणि धनंजय चॅटर्जी (कोलकाता, १४ ऑगस्ट २००४). म्हणजे २००४ पासून मोजली तर आठ माणसं. फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन तुरुंगात बसलेले मात्र शेकड्यांनी आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ए'च्या मोजणीत २०२४ अखेर हा आकडा ५६४ होता. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच तुरुंगांत आहे, येरवडा आणि नागपूर.

२. कोणकोणत्या गुन्ह्यांना फाशी होऊ शकते?

सगळ्यात नेहमीचा गुन्हा खुनाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा जुनं '३०२' आता कलम १०३ झालं. पोलीस ठाण्यात लोक अजून '३०२ लागलं' असंच म्हणतात, आणखी वीस वर्षं म्हणतील. जात, धर्म, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेला खून, बळी घेणारं दहशतवादी कृत्य, देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, बारा वर्षांखालच्या मुलीवरचा बलात्कार, अठराखालच्या मुलीवरचा सामूहिक बलात्कार यांनाही फाशीची तरतूद आहे. लष्करी कायद्यात गोळ्या घालण्याची पद्धतही आहे.

'होऊ शकते' हा शब्द महत्त्वाचा. अमुक गुन्हा म्हणजे फाशीच, असं न्यायाधीशाचे हात बांधणारं कलम घटनेत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू खटल्यात ठरवलं. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशी सक्तीची होती, ते कलम ३०३ तेव्हा रद्द झालं. अमली पदार्थांच्या कायद्यातली अशीच सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये काढून टाकली.

३. 'दुर्मिळातील दुर्मिळ' म्हणजे नक्की काय? त्याची काही यादी आहे का?

यादी नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. हे शब्द १९८० च्या बचन सिंग निकालातले. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, प्रमुख आपले पुण्याचे यशवंत चंद्रचूड. चार विरुद्ध एक अशा मताने फाशी घटनाबाह्य नाही असं ठरलं. पण त्याच निकालाने अट घातली: जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद. फाशी द्यायची तर गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही पाहायचं. त्याचं वय, परिस्थिती, मनाची अवस्था बघायची. आणि हा माणूस सुधारण्याची शक्यताच नाही हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवायचं.

उरलेले एक न्यायमूर्ती पी. एन. भगवती. त्यांचं भिन्नमत दोन वर्षांनी आलं. फाशी कुणाला मिळेल हे प्रकरण कोणत्या खंडपीठापुढे जातं यावर ठरतं, म्हणून ती मनमानी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९८३ मध्ये माछी सिंग खटल्यात खुनाची पद्धत, हेतू, व्याप्ती, समाजाला बसलेला धक्का, बळी कोण होता असे पाच निकष दिले गेले. तेव्हापासून खालच्या न्यायालयांत गुन्हेगार मागे पडला आणि गुन्ह्याचं वर्णन पुढे आलं. निकालपत्रात 'अमानुष', 'राक्षसी', 'समाजमन हादरलं' हे शब्द वाचले की पुढचं पान न उलटताही शिक्षा कळते.

४. सत्र न्यायालयाने फाशी दिली म्हणजे ती होणारच ना?

नाही. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी कागद तिकडे जातातच. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार याचिका (२०१४ पासून ती उघड्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे ऐकावी लागते), मग क्युरेटिव्ह (चूक दुरुस्त करून घेण्याची सर्वोच्च न्यायालयातली शेवटची याचिका), मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर किमान चौदा दिवस मध्ये जाऊ द्यावे लागतात.

या चाळणीतून किती उरतात? २००० ते २०१५ या काळात सत्र न्यायालयांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी शंभरात जेमतेम पाच वरपर्यंत टिकल्या. जवळपास तीस जण निर्दोष सुटले. बाकीच्यांची फाशी उतरून जन्मठेपेवर आली. एखाद्या शस्त्रक्रियेत शंभरातल्या पंचाण्णव वेळा चुकीचा अवयव कापला जात असता, तर आपण ते रुग्णालय चालू ठेवलं असतं का, असा प्रश्न मी शिबिरात विचारतो. तुलना पूर्ण बरोबर नाही हे मला माहीत आहे. वरचं न्यायालय चूक दुरुस्त करतं, शल्यविशारदाला ती सोय नसते. पण सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की पेढे वाटणाऱ्यांना हा आकडा कुणीतरी सांगायला हवा.

५. एवढी वर्षं का लागतात? महिन्याभरात निकाल लावून टाकता येत नाही का?

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात सात वर्षं लागली. खून १९७६-७७ चे, आणि राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह हे चौघे येरवड्यात फासावर गेले २७ नोव्हेंबर १९८३ ला. तेव्हाही लोक म्हणत होते की फार उशीर झाला. आज त्याच्या दुपटी-तिपटीने लागतात. न्यायालयांत माणसं कमी, फॉरेन्सिकचे अहवाल महिनोन्‌महिने येत नाहीत, तारखेला पंच हजर नसतात. ही कारणं दूर करायलाच हवीत, त्यात वाद नाही.

पण 'लवकर' आणि 'घाईने' यांत फरक आहे. घाई झाली असती तर आज कोण जिवंत नसतं, ते प्रश्न ७ मध्ये वाचा.

६. पण फाशीची जरब बसते की नाही? खरं सांगा.

जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब जास्त बसते, हे आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. अमेरिकेत कित्येक दशकं यावर आकडेमोड झाली. शेवटी तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये सांगितलं की या अभ्यासांवरून जरब बसते किंवा बसत नाही यांपैकी काहीच ठरवता येत नाही, धोरण आखताना ते वापरू नयेत. आपल्याकडचं जुनं उदाहरण त्रावणकोर संस्थानाचं. तिथे फाशी बंद होती त्या १९४५ ते १९५० या काळात ९६२ खून झाले. फाशी परत आल्यावर पुढच्या पाच वर्षांत ९६७.

माझा अनुभव म्हणाल, तर माझ्या अशिलांपैकी एकानेही कोयता उचलताना कलम आठवलं नव्हतं. बांधावरचं भांडण, दारू, संशय. डोकं फिरतं आणि होऊन जातं. जे थंड डोक्याने करतात, त्यांची खात्री असते की आपण सापडणार नाही. जक्कल आणि त्याचे साथीदार चित्रकलेचे विद्यार्थी होते. पहिला खून पचला म्हणून ते पुढच्या घरात शिरले. तेव्हाही ३०२ ला फाशी होतीच. पहिल्याच खुनाला पकडले गेले असते, तर पुढचे नऊ जीव वाचले असते.

एक उलटा धोकाही आहे. बलात्कारालाही फाशी आणि खुनालाही फाशी असेल, तर पीडितेला जिवंत सोडण्यात गुन्हेगाराचा फायदा काय? ती जिवंत राहिली तर साक्षीदार उरते. बारा वर्षांखालच्या मुलींच्या प्रकरणांत बहुतेकदा आरोपी ओळखीतला, नात्यातला असतो. 'काकाला फाशी होईल' या भीतीने घरचेच तक्रार दाबतात. मोर्चात घोषणा देताना हे डोक्यात येत नाही. ज्या बाईला रात्री पोलीस ठाण्यात जायचं असतं, तिच्या डोक्यात मात्र हेच असतं.

७. निरपराध माणूस फासाच्या दारात पोहोचणं खरंच शक्य आहे का? इतकी न्यायालयं असताना?

महाराष्ट्रातलीच तीन प्रकरणं सांगतो.

पहिलं. जून २००३ मध्ये एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाले. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशी दिली. म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने सहाच्या सहा फासावर पाठवले. मग फेरविचार झाला, आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फायलीतले फोटो पाहून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचं पुढे काहीच केलं गेलं नव्हतं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. सोळा वर्षं गेली, आणि सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

दुसरं. पुण्यात १९९४ मध्ये पाच बायका आणि दोन लहान मुलं यांचा एकाच घरात खून झाला. फाशी झालेल्यांपैकी एकाचं वय न्यायालयाच्या कागदांवर वीसच्या पुढे लावलेलं होतं. तुरुंगातून त्याने स्वतःच्या वयाचा लढा दिला, राजस्थानातल्या शाळेचं रजिस्टर मिळवलं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. तोवर तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत होता. त्याने गुन्हाच केला नव्हता असं नाही. पण सहावी-सातवीतल्या पोराला आपण फाशीच्या कोठडीत बसवलं होतं आणि आपल्याला ते माहीतही नव्हतं.

तिसरं ताजं आहे. ११ जुलै २००६ चे मुंबई लोकल बॉम्बस्फोट, १८० हून अधिक मृत्यू. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक तोवर तुरुंगातच मेला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. वरच्या न्यायालयात काय व्हायचं ते होईल. माझ्या डोळ्यांसमोर येतात ती ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली ती कुटुंबं. एकोणीस वर्षांनी त्यांना सांगितलं गेलं की कुणी केलं ते ठरलेलं नाही.

८. सारख्याच गुन्ह्यात एकाला फाशी आणि दुसऱ्याला जन्मठेप असं कसं होतं?

याचं सगळ्यात वाईट उदाहरण उत्तर प्रदेशातलं. एका खून खटल्यात तिघांची भूमिका सारखी, तिघांनाही फाशी. तिघांनी वेगवेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कश्मीरा सिंगची फाशी जन्मठेपेवर आली. जीता सिंगची याचिका फेटाळली गेली आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला त्याला फाशी दिली गेली. हरबंस सिंगला त्याच दिवशी जायचं होतं, पण त्याची याचिका ऐकायला घेतली गेली आणि तो राहिला. एका न्यायालयाच्या तीन पीठांनी त्याच कागदांवर तीन माणसांचं वेगवेगळं केलं.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट २००९ मध्ये पुढे आली. १९९६ च्या रावजी निकालात फाशी देताना फक्त गुन्हा बघितला होता, गुन्हेगार नाही. तो निकाल बचन सिंगच्या विरुद्ध, म्हणून चुकीचा, असं सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलं. तोवर रावजी राव फासावर गेला होता, आणि त्या निकालावर विसंबून आणखी शिक्षा कायम झाल्या होत्या. प्रश्न ७ मधलं पहिलं प्रकरण त्यांतलंच. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की या चुकीच्या निकालावरून ज्यांना फाशी झाली त्यांना वाचवा.

खैरलांजीबद्दल, म्हणजे भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांच्या २००६ मधल्या हत्येबद्दल, नेहमी विचारलं जातं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली आणि यामागे जात नसून सूड आहे असं म्हटलं. फाशी उतरल्याचं मला दुःख नाही. जात दिसली नाही, याचं आहे.

९. फाशी गरिबांनाच होते, हे खरं की नुसतं बोलायचं?

२०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा देशभर अभ्यास झाला, त्यात चारांतले तीन आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. हे कसं होतं ते एका दुपारच्या प्रसंगावरून सांगतो.

मी माझ्या कामासाठी न्यायालयात बसलो होतो. दुसऱ्या एका खटल्यात जेवणाच्या सुट्टीआधी दोष सिद्ध झाला. सुट्टीनंतर शिक्षेवर सुनावणी. न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय? त्याने हात जोडले. 'साहेब, घरी म्हातारी आई आहे.' विधी सेवेकडून मिळालेला तरुण वकील उठला आणि म्हणाला, 'वय कमी आहे, पहिलाच गुन्हा आहे, कमीत कमी शिक्षा द्यावी.' सरकारी वकिलांनी वीस मिनिटं युक्तिवाद केला. आरोपीच्या बाजूने सगळं मिळून दोन-तीन मिनिटं झाली असतील. त्याच्या गावाला कुणी गेलं नव्हतं. शाळा का सुटली, लहानपणी काय झालं, डोक्याला मार लागला होता का, तुरुंगात तो कसा वागला, यातलं काही कागदावर नव्हतं. चारच्या सुमाराला फाशी झाली.

ज्याच्याकडे पैसे असतात, त्याचा वकील हे सगळं पहिल्या महिन्यातच गोळा करतो. तरुण वकिलाला मी दोष देत नाही. त्याला त्या खटल्याचे जे पैसे मिळतात, त्यात त्या गावाचा एसटीचा खर्चही निघत नाही.

१०. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. मग तो सुटून आमच्याच गल्लीत येणार का?

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. चौदा वर्षांचा अर्थ एवढाच की खुनासारख्या गुन्ह्यात त्याआधी सरकारला सूट देताच येत नाही. नंतरही सूट हा हक्क नसतो. शिवाय २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून वरची न्यायालयं 'वीस वर्षं सूट नाही', 'तीस वर्षं सूट नाही' किंवा 'मरेपर्यंत सूटच नाही' अशी शिक्षा देऊ शकतात. २०१५ मध्ये घटनापीठानेही ते उचलून धरलं. मुंबईच्या शक्ती मिल खटल्यात २०१४ ला दिलेली फाशी उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये उतरवली आणि मरेपर्यंतची कैद दिली, ती अशीच. 'फाशी नाही तर सुटला' हे समीकरण त्यामुळे आता खोटं आहे.

११. अशा माणसाला आमच्या टॅक्सवर का पोसायचं?

तुरुंगातलं जेवण तुम्ही एकदा खाऊन बघा. आणि हिशोबच करायचा तर फाशीच्या प्रत्येक खटल्यातली अपिलं, वेगळी कोठडी आणि वीस वीस वर्षांचा पहारा धरून करा.

१२. ज्यांची मुलगी गेली त्या आईबापांना तुम्ही हे तोंडावर सांगाल का?

नाही. त्यांच्यापुढे मी गप्प बसतो, आणि तेच बरोबर आहे असं मला वाटतं. एकदा न्यायालयाच्या आवारात एक वडील माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या मुलीच्या खुनातल्या आरोपीचा मी वकील नव्हतो, पण वकील होतो एवढं पुरेसं होतं. त्यांनी पिशवीतून रेल्वेच्या वेळापत्रकासारखी घडी घातलेली वही काढली. त्यात सगळ्या तारखा होत्या. एकशे तीसच्या वर. प्रत्येकीसमोर काय झालं ते: 'साहेब रजेवर', 'साक्षीदार नाही', 'मुद्देमाल आला नाही'. ते फाशीबद्दल बोललेच नाहीत. म्हणाले, एकदा निकाल द्या, मला शेताकडे बघायचंय.

नगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत २०१६ मध्ये शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर लाखोंचे मोर्चे निघाले, त्यांतली मुख्य मागणी फाशीची होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी दिली. मुख्य आरोपी सप्टेंबर २०२३ मध्ये येरवडा तुरुंगात मृतावस्थेत सापडला. घटनेला सात वर्षं उलटली होती. फाशी जाहीर करून व्यवस्था मोकळी होते आणि घरचे पुढची वीस वर्षं उच्च न्यायालय, दिल्ली, राष्ट्रपती यांच्याकडे बघत राहतात.

सगळ्या घरांना फाशी हवी असते असंही नाही. गांधीजींचे मुलगे मणिलाल आणि रामदास यांनी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. ती मानली गेली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाला तुरुंगात दोघांना फाशी झाली.

१३. कसाबचं काय? त्याच्याबद्दल तरी शंका नव्हती ना?

नव्हती. १६६ माणसं मेली, हातात बंदूक घेतलेला फोटो होता, कॅमेऱ्यांत तो दिसत होता. रीतसर खटला चालला, वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुनावणी झाली. फाशी तत्त्वतः कुठे न्याय्य असेल तर ती इथे, हे मी मान्य करतो. तुकाराम ओंबळे यांनी त्याला जिवंत पकडून दिलं म्हणूनच हा खटला होऊ शकला, हेही लक्षात ठेवतो.

ऑगस्ट २०१५ मध्ये, याकूब मेमनच्या फाशीनंतर महिन्याभराने, विधी आयोगाचा २६२ वा अहवाल आला. अध्यक्ष न्या. अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे. दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांची फाशी रद्द करा, अशी त्याची शिफारस होती. मला त्यातला अपवादच पटत नाही. कसाबसारखा पुरावा दहशतवादाच्या खटल्यांत सहसा नसतो. तिथे असतात कबुलीजबाब, माफीचे साक्षीदार आणि जनतेचा प्रचंड दबाव. लोकल बॉम्बस्फोटांचा खटला (प्रश्न ७) याच वर्गातला.

फाशी द्यायची तर दोन गोष्टींची खात्री लागते: यानेच केलं, आणि हा कधीच सुधारणार नाही. पहिली खात्री आपल्याकडे किती वेळा चुकते ते वर सांगितलं. दुसरी खात्री करायला बहुतेक खटल्यांत कुणी जातच नाही. कसाबच्या बाबतीत पहिली होती. त्या एका माणसासाठी कायद्यात ठेवलेलं दार प्रश्न ७ मधल्या सहांसाठीही उघडं राहतं. माझा विरोध इथे आहे. फासावर जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला कळवळा आहे असं मात्र समजू नका.

१४. बाबासाहेब आंबेडकर फाशीच्या बाजूने होते का?

नव्हते. फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का, यावर घटना समितीत चर्चा चालली होती. ३ जून १९४९ ला बोलताना ते म्हणाले की अपिलाची सोय करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करणं मला जास्त पसंत पडेल. अहिंसा हे नैतिक बंधन मानणाऱ्या देशाला तेच शोभेल, असा त्यांचा रोख होता. संविधानात मात्र फाशी राहिली.

१५. दयेचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिला की फाशी माफ होते, हा काय न्याय?

हा प्रश्न कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींवरून येतो. लहान मुलं पळवून त्यांना चोरीसाठी वापरलं आणि मारलं, असा तो खटला. २००१ ला फाशी, २००६ ला सर्वोच्च न्यायालयाकडून कायम, २०१४ ला राष्ट्रपतींकडून दया नाकारली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, कारण दयेच्या अर्जावर सरकारने जवळपास आठ वर्षं काढली होती. लोक चिडले ते मी समजू शकतो.

यामागचा नियम २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालातला, ज्यात एका दिवसात पंधरा जणांची फाशी उतरली. रोज सकाळी 'आज का?' असा विचार करत काढलेली वर्षं ही न सांगितलेली जादा शिक्षा आहे, असं न्यायालय म्हणतं. कोल्हापूरच्या प्रकरणात खरी चीड फायली दाबून ठेवणाऱ्या खात्यावर यायला हवी. या खात्यांचा कारभार कसा असतो, तर २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी ज्या कैद्यांना दया दाखवली, त्यांतला एक जण पाच वर्षांपूर्वीच बेळगावच्या तुरुंगात मेला होता.

आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दयेचा अर्ज तीस दिवसांत करण्याची मुदत घातली आहे. राज्याचा अभिप्राय मिळाल्यावर केंद्र सरकारने साठ दिवसांत शिफारस करायची आहे, पण राष्ट्रपतींनी निर्णय किती दिवसांत द्यायचा, याला मुदत नाही.

१६. गरोदर बाई, वेडा माणूस, लहान मुलगा यांना फाशी होते का?

गुन्ह्याच्या वेळी अठरा पूर्ण नसतील तर नाही (वय चुकीचं लागलं तर काय होतं ते प्रश्न ७ मध्ये आहे). फाशी झालेली स्त्री गरोदर निघाली तर उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणायची असते. शिक्षेनंतर गंभीर मानसिक आजार झाला तर तोही फाशी उतरवण्याचं कारण ठरतो. हे २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या प्रकरणात ठरलं. निकालात त्याचं नावही लपवलेलं आहे.

१७. आरोपी स्वतःच म्हणाला, 'मला फाशी द्या', तर?

तरी चालत नाही. कबुली दिली तरी पुरावा तपासावा लागतो, आणि अपील करायचं नाही म्हटलं तरी उच्च न्यायालयाची मंजुरी लागतेच (प्रश्न ४). असं म्हणणारे दोघे मी पाहिले आहेत. एक खरोखर पश्चात्तापाने म्हणत होता. दुसरा फाशी यार्डातल्या एकटेपणाला कंटाळून. सहा महिन्यांनी दोघांनीही अपिलाच्या वकालतनाम्यावर सही केली.

१८. सगळी दारं बंद झाल्यावरही खटला पुन्हा उघडता येतो का?

शिक्षेपुरता, होय, कधीकधी. २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशीचा विचार करण्याआधी आरोपीचं पूर्वायुष्य, मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक हे सगळं समोर यायलाच हवं. मग ज्यांची शिक्षा त्याआधीच पक्की झाली त्यांचं काय? नागपूरच्या वसंता दुपारे प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर आलं: जिथे ही काळजी घेतली गेली नसेल, तिथे संविधानाच्या अनुच्छेद ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची सोय) शिक्षेचा मुद्दा पुन्हा ऐकता येईल. दोष कायम राहतो, फक्त शिक्षा पुन्हा तपासली जाते. चार वर्षांच्या मुलीचा खून होता तो. निकाल वाचताना माझ्याही पोटात कालवलं.

कुणाच्या घरचं माणूस या स्थितीत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला (मूळ शाळेतूनच, जन्मतारखेसह), दवाखान्याचे जुने कागद, तुरुंगातल्या कामाची आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं द्या. त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या दोन-तीन माणसांची नावंही लिहून द्या. मास्तर जिवंत असतील तर मास्तरांचं आधी लिहा.